पासंग

गुरुवारी एल आल्तोच्या बाजारात
डोन्या बासिलियाच्या ताडपत्रीवर
मेलेल्या कॉम्प्युटरांच्या पेट्या पडलेल्या असतात.
वायरींचे झुपके बाहेर:
पिवळ्या बाराच्या, लाल पाचच्या,
काळ्या कशाच्याच नाहीत.
इकीकेच्या बंदरातून डोंगर चढून आल्यात त्या,
कुठल्या कुठल्या कचेऱ्यांची धूळ पोटात घेऊन.

पेटी मी उघडतो. तीन वर्षं हेच काम.
आधी मोठ्या कपॅसिटरला बल्बच्या दोन तारा टेकवायच्या.
बल्ब डोळा उघडतो, मिटतो.
मग ती म्हणते, आता घाल हात.
एकदा न विचारता घातला होता.
अजून त्या बोटाला थंडी जरा जास्त वाजते.

निकानोर तोला रेडिओ काखेत मारून आला.
म्हणाला, याला तेरा पूर्णांक आठ लागतात,
माझ्याकडं बाराच आहेत.
जरा जोर लावून बोललं की आवाज फाटतो.
मिठाच्या पठारापलीकडं बहीण असते, एउलोहिया,
ती विचारते, दादा, पिंपात बसून बोलतोस का?

बासिलियानं पेटी कुशीवर वळवली,
सोळा पायांची काळी चिप मला दाखवली.
हा तराजू आहे, म्हणाली.
एका पारड्यात हिचं ठरलेलं वजन,
दुसऱ्यात बाहेरून आलेला चिमूटभर नमुना.
पारडी जुळली की ही समाधानी.
हिच्यावर जबरदस्ती चालत नाही.
नमुन्याच्या वाटेत थोडा जास्त रोध बसव;
हिला वाटेल, कमी पडतंय,
आणि बिचारी आणखी देत राहील.

म्हणजे पासंगच की, शेजारची बटाटेवाली म्हणाली,
आम्ही लावला तर पोलीस येतात.

लाल पाचाचा रोध मी उपटून टाकला,
पिवळ्याच्या जागी इवलासा फिरता प्रीसेट बसवला,
सोळा व्होल्टचे कपॅसिटर काढून पंचवीसचे.
डाग देताना धूर सरळ माझ्याच डोळ्यात.
हिरवी तार काळीला जोडली.
पंखा अर्धा वळला.
थांबला.
पुन्हा जोडली, पुन्हा अर्धाच.

मला वाटलं, मारली मी पेटी.
ती म्हणाली, मेली नाही, घाबरलीय.
आत एक राखणदार आहे,
बाराच्या फार वर कुणी मान काढली
की घराचे दिवे घालवतो.
आपलं ठरलंय ते त्याला कुठं कोण बोललं?
त्याला घालवू नकोस, तो लागतो.
फक्त त्याची रेघ पंधराच्या पुढं ने.

मग पंखा फिरला.
मी स्क्रू वळवत गेलो, पेचकस बोटात थरथरत होता.
तेरा दोन. तेरा सहा. तेरा नऊ, मागे घे.
तेरा आठ.
बासिलियानं नखांचा लाल रंग काढला
आणि स्क्रूवर एक थेंब सोडला,
कुणी उगाच फिरवू नये म्हणून.

शनिवारी संध्याकाळी पेटी पोचवायला मी गेलो.
निकानोरच्या छपरावर तांब्याची एक तार
धुणं वाळत घालतात तशी ताणलेली.
त्यानं माइक धरला, छाती भरून घेतली,
मानेच्या शिरा फुगवून ओरडला:
एउलोहिया, ऐकू येतंय का, बोल!

खरखर. मग तिचा आवाज:
अरे ओरडतोस कशाला? शेजारी बसल्यासारखा ऐकू येतोयस.

तो गप्प.
इतकी वर्षं ओरडायचं म्हणून मोजकंच बोलायचा:
लामा किती, पाऊस पडला का, गुडघा कसा आहे.
आता हळू बोलता येत होतं
आणि हळू बोलायचं काही सुचत नव्हतं.
माइकचं बटण दाबलेलं तसंच.
माझ्या पेटीचा पंखा तेवढा
पठारापलीकडं ऐकू जात असणार.

शेवटी म्हणाला, इथं एक पोरगा बसलाय,
त्याला चहा करतो. तू थांब.
कुठं जाऊ नकोस.